सुधाकरचा आवाज दुरुस्त करायला घाटंजीला

"भाऊजी, यायचा आवाज गेला."

वत्सलावहिनींचा फोन शेजारणीच्या नंबरवरून आला तेव्हा मी नागपुरात गॅससमोर दूध राखत उभा होतो. सुधाकर हा त्यांचा नवरा आणि यवतमाळच्या कॉलेजातला माझा खोलीचा भागीदार. त्याचा आवाज दोन वर्षांपूर्वीच गेला आहे. तंबाखूच्या खर्ऱ्याने सडलेला जबड्याचा तुकडा आणि जवळजवळ सगळी जीभ डॉक्टरांनी काढली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मीच बसलो होतो. गेलेला आवाज पुन्हा कसा जाणार?

"थो नाई," वहिनी म्हणाल्या. "मोबाइलातला. चार्जिंगले लावून झोपलो आम्ही. सकाळी पाह्यते त सारं बदलून गेलं. बटन दाबतात, दाबतात, आवाजच निंघत नाई."

मोबाइलनं स्वतःहून स्वतःला अपडेट करून घेतलं होतं. दूध उतू गेलं आणि मी निघायचं ठरवलं.

यवतमाळ जिल्ह्यात लोक वाघ बघायला जातात. टिपेश्वरचं जंगल कधी उघडतं, जिप्सीचे किती पडतात, वाघीण कोणत्या पाणवठ्यावर बसते, याच्यावर इंटरनेटवर ढिगानं मजकूर आहे. मोबाइल दुरुस्त करायला जाणाऱ्यांसाठी कोणी ओळभर लिहीत नाही. म्हणून हे.

आधी आवाजाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुधाकरचं घाटंजीच्या अलीकडच्या एका गावात मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पण त्याची खरी ओळख शंकरपटाची. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात, आणि पटावर माइक धरून बोलायचा तो सुधाकर. तीन तालुक्यांत त्याला मागणी होती. शेपटी पिरगाळण्याआधी बैल त्याच्या आवाजानं पळतात, असं लोक म्हणायचे. तोंडात मात्र चोवीस तास सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा घोटलेला खर्रा. बाकी सगळं त्या खर्ऱ्यानं केलं.

ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याची भाची पल्लवी इंजिनिअरिंगला होती. तिनं मामासाठी एक ॲप बनवलं. पडद्यावर चित्रांचे चौकोन. चौकोन दाबला की मामाच्याच आवाजात वाक्य वाजणार. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तिनं त्याला समोर बसवून वाक्यं बोलून घेतली. 'पानी दे वं.' 'गोळी झाली काय घ्यायची?' दुकानासाठी 'उधारी बंद हाय भाऊ.' माझ्यासाठी खास एक, 'काहून बे, आज वाट चुकला काय?' डॉक्टरांनी यापुढे पातळच खावं लागेल असं बजावलं होतं, तरी त्यानं हट्टानं 'भाजीत मीठ कमी हाय' हेही भरून ठेवलं. म्हणाला, मीठ नसलं तरी बोलायचा हक्क सोडत नसतो.

शेवटी पल्लवी म्हणाली, "मामा, आता मामीचं नाव." इथे गाडी अडली. आमच्याकडे त्याच्या वयाचा माणूस बायकोला नावानं हाक मारत नाही. 'अवं', 'ऐकलं काय', फार तर 'पोरीची माय'. त्याच्या संसारात वहिनींचं नाव रेशनकार्डावर होतं आणि लग्नाच्या पत्रिकेवर होतं, तोंडात नव्हतं. त्यानं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि एकट्यानं बोलला, "वच्छले."

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं वहिनींचा फोटो असलेला तो चौकोन पहिल्यांदा दाबला. वहिनी सैंपाकखोलीतून बाहेर आल्या त्या डोक्यावर पदर घेऊन, जसा कोणी परका माणूस दारात आला आहे.

आता अडचण ओळखा. सुधाकर लिहू शकतो. गिऱ्हाइकाशी, माझ्याशी, डॉक्टरांशी त्याचं पाटीवर भागतं. वहिनींना वाचता येत नाही. म्हणजे मोबाइल बंद पडला तेव्हा सुधाकर जगाच्या दृष्टीनं नुसता हळू झाला. घरात तो मुका झाला.

नागपूरहून पांढरकवड्याला सकाळी एसटी भरपूर आहेत. भाडं अडीचशेच्या आतबाहेर, रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत. बुटीबोरीपर्यंत धूर, पुढे जाम आणि हिंगणघाट. कापसाचे दिवस होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लटकत होता. फोटो काढणाऱ्यांना फार आवडतं हे. मला मलमपट्टी केल्यासारखं दिसलं. पण मी आधीच दवाखान्याच्या विचारात होतो. वाटेत आलुबोंडा आणि वरून कढी घ्या. कढी गरम आहे का ते आधी विचारा. मी विचारलं नाही.

शेजारी बसलेले गृहस्थ हिंगणघाटपासून प्लास्टिकच्या कागदात खर्रा घोटत होते. बंदी असलेली वस्तू इतक्या निवांतपणे घोटताना बघितली की कायद्याबद्दल ममता वाटायला लागते.

"घ्या नं भाऊ."

"नको."

"कायले? दवाखान्याचे पैसे वाचवून राह्यले काय?" स्वतःच हसले.

मी सांगितलं, ज्याच्याकडे चाललो आहे त्याची जीभ ह्याच पुडीनं नेली. गृहस्थ थबकले. पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खऱ्या कळवळ्यानं विचारलं, "त्यायचा खर्रा कोठचा होता? आमच्या इकडचा साजरा असते."

करंजीनंतर मी झोपल्याचं सोंग घेतलं.

पांढरकवड्याला लागूनच केळापूर आहे. तालुक्याचं नाव केळापूर, कचेऱ्या सगळ्या पांढरकवड्यात. ज्याचं नाव त्याच्याकडे देवीचं देऊळ तेवढं उरलं. वेळ असेल तर दर्शन घ्या, परिसर शांत आहे. मी घेतलं नाही, घाटंजीची गाडी लागली होती. हा रस्ता मात्र कमरेचा हिशेब मागतो. दोन्ही बाजूंना तुरीची कापलेली शेतं, सागाची वाळकी पानं, आणि गाडीत पुढे दोन बायका बंजाऱ्यांच्या गोरबोलीत इतक्या भराभरा भांडत होत्या की शब्द न कळताही चूक कोणाची ते मला कळलं.

सुधाकर फाट्यावर उभा होता. जबड्यावरून मफलर, गळ्यात सुतळीनं अडकवलेली पोरांची प्लास्टिकची पाटी, खिशात मार्कर. मी उतरताच त्यानं लिहून दाखवलं: 'एसटीनं आला का छकड्यानं?'

मी हसलो. मग त्याचा हात सवयीनं खिशातल्या मोबाइलकडे गेला, माझ्यासाठीचं ते खास वाक्य लावायला, आणि अर्ध्यातून परत आला.

घरी वहिनींनी माझ्यासाठी वांग्याचं भरीत, भाकर आणि ठेचा केला. सुधाकरला डाळीचं पाणी. तो समोर बसून मला जेवताना बघत होता. त्याला पंखा कमी करून पाहिजे होता बहुतेक. त्यानं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला. वहिनी आल्या.

"पानी?"

मान नाही.

"गोळी?"

नाही. त्यानं बोट वर केलं.

"माडीवरचं काही आणू?"

नाही. मग त्यानं हात खाली सोडला आणि काही नको अशी खूण केली. वहिनी माझ्याकडे वळल्या. "तीन दिवस झाले, भाऊजी, असंच चालू हाय. हे चमच वाजवून राह्यले न् मी अंदाज करून राह्यली. आधी हसत होतो आम्ही."

मी मोबाइल हातात घेतला. ॲपचं चिन्ह जागेवर होतं. दाबलं की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि सूचना यायची, की हे ॲप जुन्या आवृत्तीसाठी बनवलं आहे. चुकतमाकत दहा वेळा दाबलं. मोबाइलमधली माझी विद्या इथे संपते. गावात मात्र नागपूरला राहणारा चष्मेवाला म्हणजे इंजिनिअर, त्यामुळे ओट्यावर चार लोक माझ्या अंगठ्याकडे बघत होते. चौघांच्याही गालात खर्रा. सुधाकरच्या जबड्याची विचारपूस करायला येणारे खर्रा तोंडात धरूनच येतात, कारण बोलायला त्यांना वेळ लागत नाही, थुंकायला लागतो.

पल्लवी आता बंगळुरूला नोकरी करते. तिला फोन लावला.

"काका, घाबरू नका. आवाज सगळे आत आहेत, फक्त ॲप उघडत नाहीये. एक करा, उद्या कुठल्या तरी कॉम्प्युटरला केबलनं जोडा. मी सांगते कोणतं फोल्डर उचलायचं. पण ॲप काढून टाकू नका हं. ते काढलं की त्याच्यासोबत आवाजही पुसले जातील."

"तुझ्याकडे प्रत नाही का, बाई?"

"जुन्या लॅपटॉपवर होती. तो बंद पडला. नवीन प्रत काढू, काढू म्हणत राहिले."

मी फोनचा स्पीकर चालू ठेवला होता. सुधाकरनं सगळं ऐकलं. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ॲप काढायचं नाही.' खाली दोन रेघा ओढल्या आणि वहिनींना दाखवली. मग लक्षात येऊन पाटी माझ्याकडे वळवली, आणि मी ती वहिनींना वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी घाटंजीचा आठवडी बाजार. गावाहून सहा आसनी ऑटोत अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि आम्ही तिघं. बाजार बघण्यासारखा आहे: मिरचीचे ढीग, बैलांच्या गळ्यातले घुंगुर, चादरीवर मांडलेले जुने चार्जर. जागोजाग भोंगे. पूर्वी या बाजारातली अर्धी जाहिरात सुधाकरच्या आवाजात व्हायची. त्याला बघून मिरचीवाला ओरडला, "सुधाभाऊ, यंदाच्या पटाले येजा!" सुधाकरनं हात वर केला. मिरचीवाल्याला त्याचं काय झालं ते माहीत होतं. पण हाक मारायची सवय त्याचीही जात नसावी.

कॉम्प्युटर असलेलं मोबाइलचं दुकान बाजाराच्या टोकाला, पत्र्याचं. दुकानदार तिशीतला, हसतमुख, सुधाकरला काका म्हणणारा. आपलाच माणूस. मी त्याला सांगितलं, केबल लावायची आहे आणि एक फोल्डर उचलायचं आहे, बाकी कशाला हात लावू नको. "होऊन जाते, भाऊ," तो म्हणाला. पल्लवीला फोन लावला. पत्र्याखाली नेटवर्क नव्हतं. मी रस्त्यावर आलो. वहिनी पायरीवर भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या.

पल्लवी फोल्डरचं नाव सांगत होती आणि मागून भोंगा ब्लँकेट विकत होता. मी एका कानावर हात धरून उभा होतो. लटकलेल्या मोबाइल कव्हरांच्या मधून आतलं दिसत होतं. दुकानदारानं केबल लावण्याआधी, कामाच्या उत्साहात, ॲप दाबून बघितलं. सूचना आली. त्यानं मान हलवली. अशा वेळी कोणताही मोबाइलवाला जे करतो ते करायला त्याचा अंगठा चिन्हावर जाऊन थांबला: काढून टाका आणि नवीन टाका.

सुधाकरला ते माझ्या आधी कळलं. त्यानं पाटी गळ्यातून काढली आणि लिहायला लागला. कालचीच अक्षरं. लिहिणं हळू असतं. पाटी त्यानं दुकानदाराच्या समोर धरली, पण त्याची मान मोबाइलात होती. मग सुधाकरनं पाटी टाकली, त्याचं मनगट धरलं आणि तोंडातून एक आवाज काढला. तो मी पहिल्यांदाच ऐकला. ऑपरेशननंतर त्यानं कोणासमोर असा आवाज काढला नव्हता. रस्त्यापर्यंत आला तो.

"होते काका, होते," दुकानदार त्याच्या हातावर थोपटत म्हणाला. "घाई नका करू. दोन मिनिट."

आणि दाबलं.

भरधाव सुटलेल्या जोड्या ज्याच्या एका हाकेनं रेघेवर थांबायच्या, त्याला एक अंगठा थांबवता आला नाही. मी धावलो तोवर पडद्यावर ॲपचं चिन्ह नव्हतं. दुकानदार पल्लवीनं तेव्हा पाठवलेलं ॲप मोबाइलातून शोधून नव्यानं टाकू पाहत होता आणि मोबाइल त्याला सांगत होता, की आवृत्ती जुनी आहे, सुरक्षिततेसाठी परवानगी नाही. पल्लवी फोनवर "काका? काका?" करत होती. मी तिला सांगितलं. तिला रडू फुटलं.

"कायले टेन्शन घेता काका," दुकानदार म्हणाला. त्याचा चेहरा अजून हसरा होता, पण आता त्यालाही काहीतरी कळायला लागलं होतं. "दुसरं भारी ॲप टाकून देतो नं."

वहिनी पायरीवरून उठून आत आल्या होत्या. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. सुधाकरच्या तोंडाकडे बघितलं.

"नाव बी गेलं?"

त्यानं मान डोलावली.

"घ्यायले अर्धा जलम लावला," वहिनी म्हणाल्या, "न् जायले याचं बोट." मग पाटी उचलून पदरानं पुसली आणि त्याच्या गळ्यात अडकवली.

दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. ते घेतले असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. ओट्यावर माणसं जमली, गालांसह. कोणीतरी म्हणालं, "आवाज त हाय नं आपल्यापाशी!" आणि मोबाइल काढला. मग प्रत्येकानं काढला. पटांचे व्हिडिओ. धुरळा, बैल, आणि वर सुधाकरचा आवाज: "आली आली आली, घाटावरची जोडी आली, पाह्य रे पाह्य, डोळे मिटू नको!" एकाच वेळी पाच मोबाइलांतून पाच सुधाकर ओरडत होते. खरा सुधाकर खाटेवर बसून मांडीवर बोटं वाजवत होता. लोकांना आनंद झाला होता. एवढा आवाज शिल्लक आहे म्हणजे काय कमी झालं?

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. "थे त बैलायचं हाय," त्या म्हणाल्या. "माह्यं कुठी हाय?"

एकेकानं मोबाइल खिशात ठेवले.

तिसऱ्या दिवशी मी आणि सुधाकर यवतमाळला गेलो. घाटंजीहून तास-सव्वा तासाचा रस्ता. कंपनीचं सेवा केंद्र वातानुकूलित आहे, बसायला गुबगुबीत खुर्च्या आहेत आणि टोकन मिळतं. यापलीकडे तिथे काही मिळेल अशी आशा ठेवू नका. काउंटरवरच्या बाई नम्र होत्या. पुसलेलं परत येत नाही. जुनी आवृत्ती परत देता येत नाही. "सर, अपडेट तुमच्या सुरक्षेसाठीच असतं."

सुधाकरनं पाटीवर लिहिलं: 'कोणापासून?' बाईंनी वाचलं आणि पुढचं टोकन पुकारलं. नंतर बहुधा वाईट वाटून त्यांनी आम्हाला परत बोलावलं आणि एक सोय चालू करून दिली. आपण लिहायचं, मोबाइल मोठ्यानं वाचतो. मराठीतही.

बाहेर चहाच्या टपरीवर सुधाकरनं पहिलं वाक्य लिहिलं: 'काहून वो बाई, तू कोठची?' मोबाइलमधून एक सुसंस्कृत स्त्री-आवाज आला. प्रत्येक शब्द इस्त्री केलेला, जणू पुण्याच्या एखाद्या सभागृहात पाहुण्यांचा परिचय करून देते आहे. आमची वऱ्हाडी तिच्या तोंडी परदेशातून परत आलेल्या माणसासारखी ऐकू आली. टपरीवाला हसून हसून चहा सांडायच्या बेतात आला. मीही हसलो. सुधाकरचे खांदे हलत होते. ते हसणं आहे असं मी धरून चाललो.

पुरुषाचा आवाज आहे का ते शोधलं. त्या मोबाइलवर मराठीत नव्हता.

निरोप घेताना त्यानं पाटीवर लिहिलं: 'तिला काय सांगू?' मग स्वतःच पुसलं. मला कळंब-वर्ध्यावरून नागपूरची गाडी मिळाली. हा रस्ता चांगला आहे, कळंबला चिंतामणीचं देऊळ रस्त्यापासून जवळ आहे, दर्शन लवकर होतं. मी यावेळीही उतरलो नाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी: थंडीत जा, पाणी सोबत ठेवा, रोख पैसे बाळगा, आणि तुमच्या माणसाचे आवाज दोन ठिकाणी साठवून मग घराबाहेर पडा. कापूस, तूर, वाघ, सगळं पुढच्या वर्षी पुन्हा आहे.

घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी वहिनींचा फोन आला. आता सुधाकरच्याच नंबरवरून. मोबाइलातल्या बाईचं बोलणं आता घरात चालतं म्हणाल्या. पाणी मागते, गोळी मागते, पंखा कमी करा म्हणते. सुरुवातीला वहिनी तिला उत्तर देताना पदर सारखा करायच्या. आता सवय झाली. शेजारणी ऐकायला येतात.

"पर एक सांगून देलं यायले. त्या बाईनं माह्यं नाव घ्यायचं नाई."

"घेतलं होतं का?"

"एक डाव. वत्सला म्हणे. मले वाटलं दवाखान्यात नंबर लागला."

"मग आता हाक कशी मारतो तो?"

"नाई मारत. काम असलं की उठून येतात न् सैंपाकखोलीच्या दारात उभे राह्यतात. मी वळून पाह्यतोवर. आधी कधी तिकडे फिरकत नव्हते, भाऊजी. सारं बसल्या जागी पाह्यजे होतं. कधी कधी मले मालूम असते मागं उभे हायेत. मी उशिरा वळते."

मी सवयीनं म्हणालो, "द्या त्याला जरा."

द्या म्हटल्यावर चूक लक्षात आली. पण वहिनींनी फोन देऊन टाकला होता. तिकडून काही आलं नाही. मग खरखरीत, मोठा श्वास ऐकू आला. त्यानं बाईला बोलायला लावलं नाही. फोन कानाला धरून तो नुसता होता.

मी त्याला परतीच्या प्रवासाचं सांगायला लागलो. वर्ध्याला गाडी कशी थांबली, ड्रायव्हर कोणाशी भांडला, कोण कोणाच्या मांडीवर झोपला. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. थोडंफार मी बनवूनही सांगितलं. तो फोन ठेवत नव्हता, म्हणून मीही ठेवला नाही.